‘बेटावरचे रस्ते रिकामे, बिनधास्त चालवा’ म्हणणारा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

माझी भाची आणि जावई ग्रीसच्या सँटोरिनी आणि क्रीट या बेटांवर निघालेत. परवा रात्री ताईचा फोन आला, “अरे, ग्रुपवर आलंय, तिकडे आपलंच लायसन चालतं. मग पोरांनी आरटीओत खेटे कशाला घालायचे?” ‘ग्रीसमध्ये भाड्याच्या गाडीच्या पाच युक्त्या’ नावाचा तो मेसेज मग मीही वाचला. डोकंच फिरलं.

“लायसन इंग्रजीत असलं की पुरे.” साफ चूक. नोव्हेंबर 2021 मध्ये ग्रीसने कायदा केला, क्रमांक 4850. त्यात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि जिब्राल्टरच्या लायसनवाल्यांना आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवान्यातून सूट मिळाली. भारत त्या यादीत नाही. अमेरिकेतल्या कुणाचा तरी अनुभव उचलून आपल्या गळ्यात मारलाय, असं मला वाटतं. काउंटरवर कधीकधी हा परवाना विचारत नाहीत, एवढं मान्य. पण अपघात झाला की विमा कंपनी आधी कागद बघते, आणि परवाना वैध नसेल तर सगळा खर्च तुमच्या अंगावर. आपल्याकडे सारथी पोर्टलवरून अर्ज केला की आरटीओ हजार रुपयांत वर्षभराचा परवाना देतं. तिकडे पोचल्यावर तो काढता येत नाही.

“रस्ते रिकामे असतात. पुण्यात गाडी चालवणाऱ्याला उजव्या बाजूची सवय दहा मिनिटांत होते.” हे वाक्य लिहिणाऱ्याला समोर बसवून विचारावंसं वाटतं, बाबा रे, तू स्वतः चालवली आहेस का तिथे? गर्दीत चूक होत नाही, पुढच्या गाडीच्या मागे मागे जायचं असतं. चूक होते ती रिकाम्या रस्त्यावरच. ग्रीसच्याच नॅक्सोस बेटावर आमचा तिसरा दिवस होता. सकाळी लवकर हॉटेलच्या फाटकातून निघालो, डावीकडे वळलो आणि थेट डाव्या बाजूनेच चालवायला लागलो. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, त्यामुळे काही चुकतंय हे जाणवलंच नाही. वळणावर बटाट्याची पोती भरलेला पिकअप समोर आला. बायको ओरडली, “अहो, उजवीकडे!” पिकअपवाल्याने ब्रेक मारत गाडी दगडी बांधाला घासली, म्हणून आम्ही वाचलो. दोन गाड्यांत हातभर अंतर राहिलं होतं. पुढची पंधरा मिनिटं मला किल्ली फिरवता आली नाही.

म्हणून भाचीला सांगितलंय, पेट्रोल भरून, फोटो काढून, जेवून, जेव्हा जेव्हा गाडी पुन्हा सुरू होईल, तेव्हा शेजारच्याने मोठ्याने “उजवी बाजू” म्हणायचं. रोज, शेवटच्या दिवसापर्यंत. रस्त्यावर येताना आधी डावीकडे बघायचं, जवळच्या लेनमधली गाडी तिथून येते. आणि विमानातून उतरल्या रात्री गाडी घ्यायचीच नाही.

“सँटोरिनीत क्वाड बाइकला (चार चाकांच्या उघड्या बाइकला) लायसन लागत नाही, हेल्मेटही नको.” दोन्ही खोटं. लायसन लागतं, हेल्मेट सक्तीचं आहे. तिथल्या ‘फिरा’ आणि ‘ओइया’ या गावांमधला रस्ता कड्याच्या काठाने जातो, उन्हाळ्यात मेल्टेमीचा वारा सोसाट्याने वाहतो, मागून बस येत असतात. तिथे उघड्या डोक्याने बसा म्हणून सांगणं हा गुन्हाच आहे.

“फुल इन्शुरन्स घेतला की काळजी मिटली.” करार वाचा. टायर, काचा आणि गाडीचा खालचा भाग बऱ्याचदा त्यात नसतो. क्रीटमध्ये बालोस किनाऱ्याच्या कच्च्या रस्त्यावर गाडी नेली तर अनेक कंपन्या हात वर करतात, आणि फेरीबोटीवर चढवायची असेल तर आधी लेखी परवानगी लागते.

राहिली पाचवी, “छोटी गाडी घ्या.” ही खरी आहे, गावातल्या गल्ल्या फारच अरुंद आहेत. फक्त गिअर उजव्या हाताला येतो, तेव्हा ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच बुक करा, तिथे बहुतेक गाड्या गिअरच्या असतात.

ताईला रात्रीच अर्जाची लिंक पाठवली. गुरुवारी दोघंही आरटीओत जातायत.