‘पहिल्या सेमिस्टरची फी भरा, बाकी मुलगा कमावतो’ : एका फॉरवर्डची उसवण

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. दांडिया बाजारातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो तीनदा आला, माहेरच्या ग्रुपवर एकदा, आणि भजनी मंडळाच्या ग्रुपवरही कुणीतरी टाकलाच. मजकूर थोडक्यात असा: ‘बारावीनंतर मुलांना परदेशी पाठवायला घाबरू नका. पहिल्या सेमिस्टरची फी भरा, बाकी मुलगा कमावून भरतो. वीस तासांचा नियम कागदावर आहे, कॅशमध्ये कितीही काम मिळतं. कॉलेज आवडलं नाही तर तिथे गेल्यावर बदलता येतं. बँकेत पैसे फक्त दाखवायचे असतात. कोर्स संपला की तीन वर्षांचं वर्क परमिट, मग पीआर. लग्न झालेलं असेल तर जोडीदारालाही फुल टाइम काम.’ शेवटी जोडलेले हात आणि ‘गरजूंपर्यंत पोहोचवा’. (पीआर म्हणजे त्या देशात कायम राहायची परवानगी.)

मी बँकेत एज्युकेशन लोनच्या टेबलावर अकरा वर्षं काढली. निवृत्त झाले तरी लोक फाइल घेऊन घरी येतात. हा मेसेज सपशेल थापेचा असता तर मी डिलीट करून गप्प बसले असते. पण तो गोधडीसारखा आहे. प्रत्येक तुकडा कधीतरी, कुठल्यातरी देशात खराखुरा नियम होता. एक कॅनडाचा, एक इंग्लंडचा, एक ऑस्ट्रेलियाचा, तेही वेगवेगळ्या सालांतले. ते एकत्र शिवले आणि वर ‘परदेश’ असं नाव घातलं. परदेश नावाचा देश नसतो, त्याचा व्हिसाही नसतो.

सुरुवात फीपासून. शेजारचे भाऊ परवा हाच मेसेज घेऊन आले. मुलगी बारावीत आहे, कॅनडाला बॅचलर्स करायचं म्हणते. ‘ताई, पहिली फी आणि तिकीट एवढं मी काढतो. पुढचं ती बघेल, असं सगळेच म्हणतायत.’ त्यांच्या हातात लाइट बिल होतं. ते उलटं केलं आणि पाठीमागे हिशेब मांडला.

कॅनडात सत्र चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येतं; ८ नोव्हेंबर २०२४ पासून ही मर्यादा आहे. तिथल्या ऑन्टारिओ प्रांतात १ ऑक्टोबर २०२५ पासून किमान वेतन तासाला १७.६० कॅनेडियन डॉलर. म्हणजे आठवड्याचे ४२२ डॉलर आणि वर चिल्लर. सत्राचे तीस आठवडे धरले तर १२,६७२. उन्हाळ्याच्या ठरलेल्या सुट्टीत फुल टाइम चालतं, तिथे सोळा आठवडे, चाळीस तासांनी ११,२६४. एकूण २३,९३६ डॉलर. भाऊंचा चेहरा खुलला. ‘म्हणजे झालंच की.’

मग दुसरी ओळ लिहिली. एकट्या विद्यार्थ्याला वर्षभर राहायला-खायला किती लागतं, याचा कॅनडा सरकारने स्वतःच ठरवलेला आकडा १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ डॉलर आहे. यात फी धरलेली नाही, विमानाचं भाडंही नाही. वजाबाकी केली तर उरले १,०४१ डॉलर. आणि परदेशी विद्यार्थ्याची बॅचलर्सची सरासरी फी वर्षाला ४० हजार डॉलरच्या आसपास. तीही एका वर्षाची, डिग्री चार वर्षांची.

शिवाय आमची कमाईची ओळ फारच लाडाची होती. विमानतळावर उतरल्या दिवसापासून काम मिळालं, एकही आठवडा सुटला नाही, परीक्षेच्या आठवड्यातही मुलगी कॅश काउंटरवर उभी होती, पगारातून पेन्शन आणि बेरोजगारी विम्याची कपात झाली नाही, हे सगळं गृहीत धरून ती आली होती. कोर्स सुरू होण्याआधी तर कामच करता येत नाही. भाऊ बराच वेळ त्या १,०४१ कडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘एवढ्यात तर पुस्तकंसुद्धा यायची नाहीत.’

मेसेजमधलं एक मात्र कबूल करते. मुलं कमावतात, किराणा आणि फोनचं बिल सुटतं, आणि आईवडिलांना त्याचं केवढं कौतुक असतं. पण हे पैसे भाजीला घातलेल्या फोडणीइतके. भाजी घरूनच न्यावी लागते.

आता ‘वीस तासांचा नियम कागदावर आहे.’ कुठल्या देशाचे वीस तास? इंग्लंडमध्ये डिग्रीच्या विद्यार्थ्याला सत्रात आठवड्याला २०, आणि आठवडा सोमवार ते रविवार असाच मोजायचा. या आठवड्यात दहा केले म्हणून पुढच्या आठवड्यात तीस चालत नाहीत. ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८. जर्मनीत आठवड्याची भाषाच नाही, मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्रात वीस तास, पण ते फक्त कॅम्पसवर. बाहेरच्या पेट्रोल पंपावर एक ताससुद्धा नाही. पहिलं शैक्षणिक वर्ष झाल्यावर अभ्यासाशी जोडलेल्या कामाची परवानगी मिळू शकते, तीही कागदावर, आधी.

‘कितीही तास’ हा तुकडा कुठून आला तेही सांगते, कारण तो कुणी हवेतून काढलेला नाही. कॅनडाने १५ नोव्हेंबर २०२२ ते ३० एप्रिल २०२४ या काळात मर्यादा खरोखरच उचलली होती. ऑस्ट्रेलियानेही २०२२ च्या सुरुवातीला उचलली आणि १ जुलै २०२३ ला परत आणली. माणसं मिळत नव्हती म्हणून केलेली ती तात्पुरती सोय होती. त्या दिवसांत ज्यांची मुलं तिकडे होती त्यांनी सांगितलं ते खरंच होतं. फक्त आता ते शिळं झालंय.

राहिला ‘कॅश’. त्या देशांत पगार बँकेतून येतो आणि कर खात्यात त्याची नोंद होते, म्हणून कॅश म्हणजे कुणी बघत नाही, असं गणित मांडलं जातं. पण कॅशवर ठेवणाऱ्या मालकालाही ठाऊक असतं की हे पोर तक्रार करणार नाही. मग तो किमान वेतन कशाला देईल? माझ्या नात्यातल्या एका मुलाला एका हॉटेलात सहा आठवड्यांचे पैसे बुडवून हाकललं. तो कुठे जाणार? तक्रार करायची तर आधी स्वतःचंच उल्लंघन कबूल करायला हवं. इंग्लंडमध्ये तर ॲपवरून जेवण पोहोचवण्याचं काम बहुतेक वेळा स्वयंरोजगारात मोडतं, आणि विद्यार्थ्याला स्वयंरोजगार मुळातच बंद आहे. तिथे तास मोजायचा प्रश्नच येत नाही. आणि ज्या पीआरसाठी ही सगळी ओढाताण, त्यातही हे तास कामाचे नाहीत: कॅनडाच्या अनुभवावर पीआर देणाऱ्या योजनेत पूर्णवेळ शिकत असताना केलेलं काम धरलंच जात नाही.

अटींचा कागद म्हणजे नुसती औपचारिकता, हा मेसेजचा सूर बडोद्यात तरी शोभत नाही. १९१३ मध्ये इथल्याच सयाजीराव महाराजांच्या राज्याने बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांसाठी, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी, असा करार करून. मुदत संपली तेव्हा १९१७ मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. कमाटी बागेत आपण ज्या संकल्पभूमीवर जातो ती त्याच परतीची आठवण आहे. असो, विषयांतर झालं.

‘कॉलेज तिथे गेल्यावर बदलता येतं.’ येत होतं. कॅनडात पूर्वी ऑनलाइन खात्यात नव्या कॉलेजचं नाव कळवलं की भागायचं. ८ नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेज बदलायचं तर नवा स्टडी परमिट लागतो, म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा नकाराची शक्यता. एजंटचा खरा डाव इथेच असतो: महागड्या युनिव्हर्सिटीच्या नावावर व्हिसा काढायचा आणि मग पोराला स्वस्तातल्या खासगी कॉलेजात सरकवायचं. सरकारी कॉलेजचा अभ्यासक्रम घेऊन चालवलेल्या तशा बऱ्याच खासगी कॉलेजांतून १५ मे २०२४ नंतर प्रवेश घेतलेल्यांना पुढचं वर्क परमिट मिळत नाही. फी निम्मी झाली खरी, पण ज्यासाठी गेलो तेच गेलं. इंग्लंडमध्येही नवी युनिव्हर्सिटी म्हणजे सहसा नवा व्हिसा अर्ज.

‘बँकेत पैसे फक्त दाखवायचे असतात’ हे वाक्य वाचून माझा जुना संताप उसळतो. माझ्या टेबलासमोर एक वडील बसले होते, पासबुकात एका शुक्रवारी अठरा लाख आलेले, पुढच्या गुरुवारी गेलेले. कन्सल्टन्सीवाल्याने ‘सोय’ करून दिली होती, दिवसाला ठरलेलं व्याज घेऊन. मी विचारलं, हे कुणाचे? म्हणाले, ‘मला माहीत नाही, ते म्हणाले सही करा.’ अशा खात्यावर व्हिसा अधिकारी हसत नसतील तर नवल. इंग्लंडला ही रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, एका दिवसासाठी जरी खाली गेली तरी मोजणी बाद. कॅनडात जीआयसी म्हणून, म्हणजे तिथल्या बँकेत आगाऊ ठेव म्हणून, भरलेले पैसे तर दाखवायचे नसून खर्चायचेच असतात; मुलगी पोहोचल्यावर काही रक्कम लगेच आणि बाकी हप्त्याहप्त्याने तिच्याच खात्यात येते. त्याला ‘फी’ समजून बसलेले लोक मी पाहिलेत.

आणि खोटं पकडलं गेलं तर नुसता नकार मिळून सुटका होत नाही. खोटी माहिती दिली म्हणून कॅनडा पाच वर्षं दार बंद करतो, इंग्लंड दहा वर्षांपर्यंत. ‘एजंटने भरलं, मला माहीत नव्हतं’ हे सहसा चालत नाही, कारण अर्जावर नाव तुमच्या मुलीचं असतं. २०२३ मध्ये एजंटने दिलेल्या बनावट ऑफर लेटरवर गेलेल्या भारतीय मुलांवर कॅनडातून परत पाठवणीची वेळ आली होती, काही तर शिक्षण पुरं करून नोकरीला लागलेली. त्यानंतर १ डिसेंबर २०२३ पासून प्रत्येक ऑफर लेटर तिकडचं व्हिसा खातं थेट कॉलेजकडून तपासून घेतं. खरे पैसे लागत असतील तर लोन काढा. आमच्याकडे साडेसात लाखांच्या वर तारण मागायचो, लोक नाक मुरडायचे. पण तारण म्हणजे घरात बसून केलेला एक प्रामाणिक हिशेब तरी असतो.

‘कोर्स संपला की तीन वर्षांचं वर्क परमिट.’ कॅनडात दोन वर्षं किंवा जास्त मुदतीचा पात्र कोर्स असेल तर तीन वर्षांपर्यंत मिळतं, हे खरं. पण आपोआप नाही. कोर्स पूर्ण झाल्यापासून १८० दिवसांत अर्ज करायचा, आयुष्यात एकदाच मिळतं, आणि पासपोर्ट लवकर संपत असेल तर परमिटही तिथेच तुटतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून इंग्रजीची परीक्षाही लागते. प्रवेशासाठी दिलेली ॲकॅडेमिक आयल्ट्स इथे धरत नाहीत. जनरल द्यायची, बॅचलर्सवाल्यांना चारही विभागांत किमान ६. कॉलेजचा डिप्लोमा असेल तर विषयही सरकारच्या यादीत असावा लागतो. डिग्रीवाल्यांना ती यादी लागू नाही, हे मात्र भाऊंच्या मुलीच्या बाजूचं. इंग्लंडमध्ये दोन वर्षं मिळायची, १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवीधरांना दीड वर्ष. आज बारावीत असलेली मुलं तिथून बाहेर पडतील ती दीड वर्षाच्याच नियमात. अमेरिकेत एक वर्ष, आणि विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताची डिग्री असेल तर आणखी २४ महिने. ‘मग पीआर’ या दोन शब्दांवर मी काही लिहीत नाही. त्यांना नियमच जोडलेला नाही, नुसती इच्छा आहे.

जोडीदाराचं एका ओळीत: इंग्लंडमध्ये बॅचलर्सवाल्यांना कुटुंब नेता येत नव्हतंच, जानेवारी २०२४ पासून वर्गात शिकायच्या (संशोधनाच्या नव्हे) मास्टर्सवाल्यांचंही बंद झालं, आणि कॅनडात २१ जानेवारी २०२५ पासून नर्सिंग, इंजिनिअरिंगसारखे मोजके अभ्यासक्रम सोडले तर बॅचलर्सच्या विद्यार्थ्याच्या जोडीदाराला ओपन, म्हणजे कुठल्याही मालकाकडे चालणारं, वर्क परमिट नाही. आयल्ट्स पास झालेली सून शोधणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

भाऊंना मी तीन प्रश्न लिहून दिले, एजंटला विचारायला: हा नियम कोणत्या देशाचा, कोणत्या तारखेपासून, आणि सरकारी साइटवर कोणत्या पानावर? त्यांनी ते तिथेच, माझ्या ओट्यावर बसून, व्हॉट्सॲपवर पाठवले. चहा संपेपर्यंत उत्तर आलं: ‘अंकल, ऑफिसला या, समोरासमोर समजावतो. येताना पासपोर्ट आणि टोकन अमाउंट घेऊन या.’