आठ कलांचा हिशेब

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर मामांनी एक संदेश पुढे ढकलला. आर्यभटांनी कोपर्निकसच्या हजार वर्षं आधीच पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे सांगून ठेवलं होतं, युरोपवाल्यांनी ते आपल्याकडून उचललं आणि आपल्याच शाळांत आपल्याला त्यांची नावं पाठ करायला लावली, असा एकूण मजकूर. खाली तिरंगा आणि जोडलेले हात. पाच मिनिटांत आतेभाऊ मैदानात उतरला: "युरोपनं चर्चला घरी बसवलं म्हणून तिकडे विज्ञान आलं. आपण अजून मंगळ आहे म्हणून मुलींची स्थळं परत पाठवतोय." मग बाकीचे तुटून पडले. शेवटी मामांनी मला हाक मारली, "अगं, तू त्या लोकांतच राहतेस ना? सांग याला."

राहते खरी. प्रागमध्ये, आणि ज्या मंगळाचं नाव आतेभावानं काढलं त्याचा सगळा निकाल याच शहरात लागला. पण उत्तर ग्रुपवर मावणारं नाही आणि दोघांपैकी कोणालाच आवडणारं नाही.

आधी मामांचं. आर्यभटांनी इ. स. ४९९मध्ये लिहिलं ते इतकं सुंदर आहे की त्याला फोडणी द्यायची गरजच नाही. 'अनुलोमगतिर्नौस्थः' या श्लोकात ते म्हणतात, पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे लंकेवरून स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. म्हणजे पृथ्वी स्वतःभोवती फिरते. सूर्याभोवती नव्हे; त्यांच्या गणितात मध्यभागी पृथ्वीच आहे. गंमत अशी की १५४३ साली कोपर्निकसलाही हेच समजावताना नावच आठवली. त्यानं रोमन कवी व्हर्जिलची ओळ घेतली, बंदर सोडून आम्ही निघालो आणि गावं मागे सरली, अशा अर्थाची. यात चोरीचा मागमूस नाही. नदीकाठच्या कोणाही हुशार माणसाला सुचेल असा तो दाखला आहे. आणि आर्यभटांना विरोध करायला मेकॉले लागला नाही. ब्रह्मगुप्तांनी सव्वाशे वर्षांत हरकत घेतली, आणि पुढच्या काही टीकाकारांनी त्या श्लोकाचा अर्थच वळवून घेतला.

मिरवायचंच असेल तर मामांनी केरळच्या नीलकंठ सोमयाजींना मिरवावं. १५००च्या सुमारास त्यांनी ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती अशी मांडणी केली. ट्युको ब्राहे या डेन्मार्कच्या सरदारानं जवळपास तशीच मांडणी छापली ती १५८८ साली. नीलकंठांच्या गुरुपरंपरेतले परमेश्वर ग्रहणं आणि ग्रह यांची निरीक्षणं पंचावन्न वर्षं करत होते आणि आकाशाशी जुळेल असं 'दृग्गणित' त्यांनी १४३१ला मांडलं. तेव्हा 'आपल्याकडे फक्त पोथ्या होत्या' हे आतेभावाचं लाडकं वाक्यही निकालात निघतं.

मग फरक पडला कुठे? मला विचाराल तर कल्पनेत नाही. सूर्य मध्ये ठेवायची कल्पना ग्रीसच्या अरिस्टार्कसलाही सुचली होती आणि दीड हजारांहून जास्त वर्षं ती तशीच पडून राहिली. फरक पडला तो हट्टात, आणि त्या हट्टाचा हिशेब सगळ्यांपुढे मांडण्यात.

ट्युको १५९९ला प्रागला आला तेव्हा सम्राट दुसऱ्या रुडॉल्फनं त्याला पगार, किल्ला आणि माणसं दिली. त्याआधी वीस वर्षं तो ह्वेन बेटावर डेन्मार्कच्या राजाच्या पैशानं वेध घेत होता. दुर्बीण अजून कोणाच्या हाती नव्हती. कोन मोजायचं भिंतीएवढं पितळी वर्तुळपाद, त्यावर बारीक खुणा, आणि रात्रीमागून रात्री डोळा लावून बसणारी माणसं. एवढ्या भांडवलावर त्याचे वेध एखाद-दोन कलांपर्यंत बिनचूक येत. (एका अंशात साठ कला, पौर्णिमेचा चंद्र आकाशात साधारण एकतीस कला रुंद दिसतो.) १५७७चा धूमकेतू चंद्राच्या खूप पलीकडे आहे हे त्यानं मोजून दाखवलं, आणि ग्रह ज्यात जडवलेले आहेत असं मानत त्या स्फटिकाच्या गोलांना तिथेच तडा गेला. धूमकेतू त्यातून आरपार जाणार कसा?

असा हा माणूस पृथ्वी फिरते हे मात्र मानत नव्हता, आणि त्याचं कारण बायबलपुरतं नव्हतं. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर सहा महिन्यांच्या अंतरानं तारे किंचित सरकलेले दिसायला हवेत. त्याला तसं काही सापडलं नाही. तारे तितके लांब असतील म्हणावं, तर त्या काळच्या मापानं एकेक तारा अचाट मोठा ठरत होता. हरकत चोख होती. ते सरकणं प्रत्यक्ष मोजलं गेलं १८३८ साली: बेसेलनं हंस मंडलातल्या एका ताऱ्याचं मोजलं, आणि ते भरलं एका विकलेच्या, म्हणजे कलेच्या साठाव्या भागाच्या, तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. ग्रुपवरच्या 'शहाणा कोपर्निकस, अडाणी विरोधक' या गोष्टीत ट्युकोला बसवायला जागाच नाही.

१६०० साली केप्लर हा जर्मन गणिती ट्युकोकडे आला आणि त्याच्या वाट्याला मंगळ आला. मंगळाची कक्षा वर्तुळापासून बऱ्यापैकी ढळलेली, म्हणून सगळ्या जुन्या गणितांना तो दाद देत नसे. ट्युको १६०१मध्ये वारला. केप्लरनं वारसांशी भांडत, त्यांचा डोळा चुकवत त्याच्या वह्या ताब्यात ठेवल्या. तसं त्यानं स्वतः कबूलही केलं आहे. मग वर्तुळ धरून, मध्य सरकवून, निदान सत्तर वेळा तोच किचकट हिशेब करून त्यानं एक कक्षा बसवली. रेखांश दोन कलांच्या आत जुळले. दुसरा कोणी असता तर पेढे वाटून मोकळा झाला असता. यानं आणखी काही वेध ताडून पाहिले आणि आठ कलांची चूक निघाली.

चंद्राच्या चौथाईएवढी चूक. तोवर दहा कला इकडेतिकडे झाल्या तर चालतं असं धरलं जाई. पण केप्लरचं म्हणणं असं की देवानं आपल्याला ट्युकोसारखा वेधकर्ता दिला, त्याच्या वेधात आठ कलांची चूक असणं शक्य नाही. तेव्हा चूक माझ्या गणिताची. वर्षांची मेहनत त्यानं बाजूला सारली. दोन हजार वर्षं सगळ्यांनी पवित्र मानलेलं वर्तुळ सोडलं, अंड्यासारखा आकार करून पाहिला, तोही सोडला, आणि लंबवर्तुळावर येऊन थांबला. १६०९च्या 'अस्ट्रोनोमिया नोव्हा'त त्यानं हे सगळं, फसलेल्या वाटांसकट, छापून टाकलं. ते वाचायला भयंकर कंटाळवाणं आहे, आणि तरी माझ्या मते युरोपचं विश्व बदललं ते याच पानांवर.

दुसरा प्रसंग पुढच्याच वर्षीचा, आणि मला तो जास्त आवडतो. गॅलिलिओनं गुरूभोवती चार चंद्र दिसल्याचं १६१०च्या मार्चमध्ये व्हेनिसमध्ये छापलं. काचेचा खेळ आहे, डोळ्यांचा भास आहे, असं म्हणणारे विद्वान पुष्कळ होते. केप्लरनं आधी न पाहताच पाठिंबा दिला, हे थोडं घाईचंच झालं. मग ऑगस्टच्या अखेरीस प्रागमध्ये त्याला एक दुर्बीण उसनी मिळाली. तेव्हा त्यानं केलं काय, तर जमलेल्या प्रत्येकानं आळीपाळीनं दुर्बिणीतून पाहायचं, दिसेल ते इतरांना न दाखवता खडूनं पाटीवर काढायचं, आणि मग सगळ्या पाट्या शेजारी शेजारी ठेवून जुळतात का ते बघायचं. सम्राटाचा गणिती, पण त्याचाही शब्द पाटीपेक्षा मोठा नव्हता.

आता आतेभावाकडे वळते. तो एकदा इथे आला की मी त्याला जुन्या शहराच्या चौकात नेणार आहे. तिथलं खगोलीय घड्याळ १४१०चं. दर तासाला वरच्या खिडक्यांतून प्रेषितांच्या बाहुल्या फिरतात, सांगाडा घंटा वाजवतो, आणि शेकडो मोबाइल वर होतात. त्या खिडक्यांच्या लगेच खालच्या मोठ्या तबकडीकडे फारसं कोणी बघत नाही. तिच्या मध्यभागी निळी पृथ्वी आहे आणि सूर्य-चंद्र तिच्याभोवती फिरताहेत. बाहेरच्या कड्यावर जुने बोहेमियन तास आहेत, सूर्यास्तापासून मोजायचे. कोपर्निकस आला, केप्लर आला, कोणी हे घड्याळ उतरवलं नाही.

त्या घड्याळापासून कोपरा वळला की फरसबंदीत सत्तावीस पांढरे क्रूस आहेत. २१ जून १६२१ रोजी तिथे सत्तावीस जणांना मारलं, सम्राटाविरुद्धच्या बंडाबद्दल. त्यांत यान येसेनियस होता: प्रागमध्ये १६०० साली जाहीर शवविच्छेदन करणारा डॉक्टर, पुढे विद्यापीठाचा प्रमुख. ट्युको आणि केप्लर यांच्यातल्या भांडणात मध्यस्थी करणारा तोच, समोरच्या 'तीन' (Týn) नावाच्या चर्चमध्ये ट्युकोच्या अंत्यविधीचं भाषण करणाराही तोच. त्याची आधी जीभ कापली, मग डोकं. याच सुमारास केप्लरची म्हातारी आई चेटकीण म्हणून वर्षभर कोठडीत होती. तिला छळाची हत्यारं समोर मांडून दाखवली गेली. कक्षांचा तिसरा नियम छापून झालेला हा माणूस आईसाठी वकिली कागद लिहीत बसला होता. १६२१च्या शरदात ती सुटली, पुढच्या वर्षी गेली.

आणि हो, केप्लर पत्रिकाही करायचा. वालेनश्टाइन या सरदाराची त्यानं १६०८मध्ये केलेली पत्रिका प्रसिद्ध आहे. सम्राटाकडचा पगार वेळेवर यायचा नाही, तेव्हा फलज्योतिष ही खगोलविद्येची वेडी मुलगी आहे आणि तीच आईला पोसते आहे, असं तो म्हणे. पण पोटापुरताच तो ते करत होता असंही नाही; ग्रहांच्या योगांत काहीतरी अर्थ आहे हे तो मनापासून मानायचा. ल्युथरच्या पंथाचा म्हणून कॅथलिकांनी त्याला ग्राझमधून हाकललं, आणि तो पुरेसा कडवा नाही म्हणून लिंझमध्ये त्याच्याच पंथाच्या पाद्र्यानं त्याला प्रसाद नाकारला. तरी देवावरचा विश्वास ढळला नाही. चर्चला घरी बसवून विज्ञान आलं, हे निदान या गावच्या गोष्टीला लागू पडत नाही.

आजही पाहा. चेक जनगणनेत निम्म्याच्या आसपास लोक कोणताही धर्म नाही असं लिहितात. तरी कोपऱ्यावरच्या त्राफिकात, म्हणजे सिगारेटी-वर्तमानपत्रांच्या टपरीत, राशिभविष्याची मासिकं विकायला असतात, आणि ऑफिसातल्या पक्क्या नास्तिक बाई मला भेटल्याच्या पहिल्या आठवड्यात रास विचारून मोकळ्या झाल्या. केप्लर राहायचा त्या कार्लोवा गल्लीत आता 'जुनी बोहेमियन परंपरा' अशा पाट्या लावून त्रदेल्निक, म्हणजे दांड्यावर भाजलेल्या गोड पावाच्या गुंडाळ्या, विकतात. हा पदार्थ इथे पर्यटकांमुळे बोकाळला, ते सगळ्या प्रागकरांना ठाऊक आहे. प्राचीनतेचा धंदा करायला तिरंगाच लागतो असं काही नाही.

मग माझं म्हणणं काय? इतकंच की दोघांचीही भांडणं उत्तर आधी ठरवून सुरू होतात. मामांना 'आधी कोण' एवढंच हवं, भावाला 'कोण मागास' एवढंच. आठ कला कोणालाच नकोत. आणि आपल्याकडे आठ कलांची भांडणं झालीच नाहीत असं थोडंच आहे? केरूनाना छत्र्यांनी १८६०मध्ये युरोपीय ग्रंथांवरून ग्रहसाधनाची कोष्टकं मराठीत आणली, कारण पंचांगाच्या गणिताच्या जुन्या करणग्रंथांवरचे ग्रह आकाशात सांगितल्या जागी सापडत नव्हते. १८६५पासून त्यांच्या गणितावर पटवर्धनी पंचांग निघू लागलं. राशिचक्राचा आरंभबिंदू रेवती ताऱ्यावरून धरायचा की चित्रेवरून, यावर मग पिढ्यानपिढ्या वाद चालला, आणि टिळक त्यात कंबर कसून होते. दोन्हींत साधारण चार अंशांचा फरक पडतो, म्हणून रेवती धरणाऱ्या टिळक पंचांगाची संक्रांत चारेक दिवस आधी येते आणि अधूनमधून अधिक महिना वेगळा पडून काही घरांत गणपती महिनाभर आधी बसतात. आमच्या रत्नागिरीच्या आजोळी तसे बसलेले आहेत. मामांच्याच घरी!

इथे मी संकष्टी करते ती ॲपवर प्रागचा चंद्रोदय पाहून. जूनमध्ये चतुर्थीचा चंद्र उगवायला मध्यरात्र होते आणि जीव मेटाकुटीला येतो. सप्टेंबरात मात्र सव्वाआठच्या सुमारास ताटावर बसता येतं, कारण पन्नास अंश अक्षांशावर शरदातला चंद्र रोज फार थोडा उशीर करतो. त्या ॲपच्या गणितात बुडाशी केप्लरच आहे. १६२७ला त्यानं काढलेल्या कोष्टकांवरून बुध सूर्यबिंबावरून जाईल ती तारीख निघाली, ७ नोव्हेंबर १६३१. तो स्वतः वर्षभर आधी वारला होता. पॅरिसमध्ये गासेंदी नावाच्या पाद्र्यानं कागदावर सूर्याची प्रतिमा पाडून तो ठिपका पाहिला. इतर कोष्टकं तिथे अंशाअंशांनी चुकत होती. गासेंदी कॅथलिक, केप्लर ल्युथरचा, बाहेर त्यांच्या पंथांची तीस वर्षांची लढाई चालू होती.

हे सगळं थोडक्यात ग्रुपवर टाकलं. मामांनी नीलकंठ सोमयाजींना अंगठा दिला, भावानं येसेनियसला. रेवती-चित्रेबद्दल विचारलं त्याला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.