पेज मेलेलं नाहीये गं, तू उत्तर देत नाहीयेस

परवा एका मैत्रिणीचा फोन आला. ती मातीची भांडी करते, कप, वाडगे, छोट्या कुंड्या, आणि हात इतका छान आहे तिचा की बघत राहावं. पण फोनवर सूर एकदम रडवेला. म्हणे पेज मेलंय माझं, काहीही टाकलं तरी आठ-दहा लाईक, त्यातले चार घरचेच, आणि कुणीतरी मार्केटिंगवाल्याने सांगितलंय की रोज एक रील टाका, ट्रेंडिंग गाणं लावा, नाहीतर विसरून जा. मी म्हटलं थांब जरा, बघते. फोन ठेवला आणि तिचं पेज स्क्रोल करत करत पार खालपर्यंत गेले. ११ प्रश्न सापडले. अकरा! 'मायक्रोवेव्हमध्ये चालेल का?', 'हा निळा परत कधी करणार?', 'कुरियरने पाठवता का, फुटत नाही ना?', 'एकच कप मिळेल की पूर्ण सेट घ्यावा लागतो?' एकालाही उत्तर नाही. दोन-तीन ठिकाणी नुसतं हार्ट देऊन बाई मोकळ्या. सगळ्यात जुना प्रश्न १४ महिन्यांपूर्वीचा.

तर हे खरं तिच्यासाठी लिहायला घेतलं होतं, मेसेज फारच लांबला, म्हणून इथेच टाकतेय. अजून कुणाचं पेज 'मेलं' असेल तर त्यांनीही वाचा.

आधी स्वतःची लाज सांगून टाकते म्हणजे मी फार शहाणी आहे असं वाटायला नको. मी जुनी पुस्तकं दुरुस्त करते आणि हाताने शिवलेल्या वह्या बनवते. पेज सुरू केलं तेव्हा पहिल्याच वर्षी मी फॉलोअर्स विकत घेतले होते. हो, घेतले होते. एकाने 'खरी माणसं, शंभर टक्के अस्सल' म्हणून गळ्यात मारले. आठवड्याभरात आकडा असा काही फुगला की मी घरात सगळ्यांना दाखवत फिरले. आणि मग पोस्टवर शांतता. म्हणजे आधी निदान ओळखीचे लोक तरी काहीतरी लिहायचे, आता त्या गर्दीत ते कुठे आहेत हेच कळेना. इनसाइट्स उघडावं तर माझे वाचक कोण, किती वयाचे, कुठले, सगळी माहिती त्या भाडोत्री जनतेची. पुढे जाहिरात करताना 'माझ्या फॉलोअर्ससारखी माणसं शोध' असा पर्याय निवडला, तर त्याने इमानदारीत तशीच शोधून दिली. पैसे गेले ते गेलेच, वर दीड वर्ष हातानं एकेक खोटं अकाउंट काढत बसले होते. आणि हे काही माझ्यासारख्यांचंच होतं असं नाही बरं का, डिसेंबर २०१४ मध्ये इन्स्टाग्रामने खोटी अकाउंट साफ केली तेव्हा खुद्द इन्स्टाग्रामच्या स्वतःच्या अकाउंटचे जवळपास १.९ कोटी फॉलोअर्स एका झटक्यात उडाले होते. मोठमोठ्यांच्या घरात हे भाडेकरू होते.

आता 'रीच पडलाय', म्हणजे पोस्ट आधीपेक्षा कमी लोकांना दिसते, हे रडगाणं. पडलाय, खरंच पडलाय, त्यात तुझा दोष नाही. पण हे काल-परवाचं नाही. २०१४ मध्येच ओगिल्वी ह्या जाहिरात कंपनीने फेसबुकवरच्या ब्रँड पेजेसचे आकडे तपासले होते तेव्हा फुकटातला रीच ६ टक्क्यांच्या आसपास निघाला होता, आणि पाच लाखांच्या वर लाईक असलेल्या मोठ्या पेजेसचा तर २ टक्के. मग जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकच्या झुकरबर्गने स्वतःच जाहीर केलं की आता फीडमध्ये घरचे-मित्र जास्त दिसतील, धंदेवाल्यांच्या आणि मीडियाच्या पोस्ट कमी. झालं, आपण सगळे त्या दुसऱ्या रांगेत. पण त्याच घोषणेत एक गोष्ट होती जी लोक सांगत नाहीत, की ज्या पोस्टवर माणसं एकमेकांशी बोलतात, चर्चा होते, त्यांना वजन मिळणार. म्हणजे नुसता अंगठा आणि दोन ओळींचं बोलणं ह्यात फरक केला जाणार. आणि लहान धंद्याला बोलण्यात अवघड काय आहे? मोठ्या कंपनीत कमेंटला उत्तर द्यायला कुणीतरी भाड्याचा पोरगा बसवलेला असतो, त्याला बिचाऱ्याला वस्तू कशी बनते माहीतच नसतं, 'प्रिय ग्राहक, आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व' एवढंच तो लिहू शकतो. तू स्वतः चाकावर बसतेस! तुला विचारलं की हा निळा परत कधी, तर तू सांगू शकतेस की तो निळा ग्लेझ, म्हणजे वरचा चकचकीत लेप, भट्टीत दर वेळी वेगळाच येतो, मागच्या खेपेला हिरवट निघाला होता, फोटो टाकू का. हे उत्तर कुठली कंपनी देईल?

आणि ते 'किंमत इनबॉक्स केली आहे' बंद कर आधी. कृपा करून. माणसाने चारचौघांत विचारलंय, चारचौघांत सांग. विचारणारा एक असतो पण वाचणारे कितीतरी असतात ज्यांना तेच विचारायचं होतं आणि संकोच वाटला. जेकब नील्सन म्हणून वेबसाईटच्या वापराचे जुने जाणकार, त्यांनी २००६ मध्ये एक ठोकताळा मांडला होता, ९०-९-१. म्हणजे ऑनलाईन जमलेल्या १०० माणसांत ९० नुसती वाचणारी, ९ अधूनमधून बोलणारी आणि एकच सारखं लिहिणारा. आकडे पेजागणिक इकडेतिकडे होत असतील, पण स्वभाव तोच. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, वडिलांची डिक्शनरी घेऊन, कणा पार सुटलेला, पानं रबरबँडने बांधलेली. म्हणाल्या दोन वर्षं तुमचं पेज बघतेय, तुम्ही कुणाला तरी कमेंटमध्ये सांगितलं होतं की सेलोटेप लावलेलं पुस्तकही दुरुस्त होतं, वेळ लागतो पण होतं, ते वाचून आले. मी घरी येऊन नाव शोधलं. दोन वर्षांत एक लाईक नाही. आणि ते उत्तर मी ज्याला दिलं होतं तो माणूस कधी आलाच नाही, ही त्यातली गंमत.

म्हणून मी आता उत्तर लिहिताना दोघांसाठी लिहिते. विचारणाऱ्यासाठी आणि मागे उभ्या असलेल्या गप्प माणसासाठी. 'हो' एवढंच लिहिलं की विषय संपतो. 'हो चालतं, पण सोनेरी काठ असलेला मायक्रोवेव्हमध्ये नको, तुमच्याकडचा कुठला आहे?' असं लिहिलं की तो परत येतो, फोटो टाकतो, तिसरा कुणीतरी मध्ये तोंड घालतो. आणि जो प्रश्न तीनदा आला ती पुढची पोस्ट, विषय शोधत डोकं खाजवत बसायचं कामच नाही. तुझ्या त्या ११ प्रश्नांत निदान सहा पोस्ट पडल्यात.

प्रश्न विचारायचे ना पोस्टमध्ये? विचार की. पण खरे विचार. मी एकदा कुठेतरी वाचून 'तुम्हाला कुठलं पान आवडतं, पांढरं की पिवळसर?' असं टाकलं होतं, सहा उत्तरं आली, त्यात दोन जणांनी नुसतं 'छान' लिहिलं होतं. कशाला देतील उत्तर, मलाच ते नको होतं, लोकांना कळतं हो. मग काही महिन्यांनी मी खरंच अडकले होते, नवीन कागद घेतला होता आणि शाईच्या पेनाने लिहिलं की अक्षर फुटायचं, मागच्या बाजूला उमटायचं. वैतागून रात्री फोटो टाकला आणि विचारलं, फाउंटन पेनवाले लोकहो तुम्ही कुठल्या कागदावर लिहिता, माझं डोकं उठलंय. सकाळी उठून बघते तर काय जत्रा! कुणी सांगतंय जाड कागद घेऊन भागत नाही, साईझिंग बघा कागदाचं, म्हणजे शाई शोषू न देणारी प्रक्रिया, कुणी स्वतःच्या वहीच्या पाठच्या बाजूचे फोटो टाकलेत, दोघांचं निबवरून चक्क भांडण. मला कागद तर मिळालाच आणि पुढची पहिली ३० वह्यांची ऑर्डर त्याच कमेंट करणाऱ्यांतून आली, कारण ती वही आता थोडी त्यांचीही होती.

ह्याच्या उलट ते 'आवडलं तर लाईक, खूप आवडलं तर हार्ट, तीन मैत्रिणींना टॅग करा'. डिसेंबर २०१७ मध्ये फेसबुकने सांगितलेलं आहे की असली लाईक-शेअर-टॅगची भीक मागणारी पोस्ट खाली ढकलली जाईल, आणि वारंवार तेच करणाऱ्या पेजेसचा सगळाच रीच कमी होईल. त्याच वेळी हेही सांगितलं होतं की खरोखर मदत, सल्ला किंवा कुणी चांगलं माहीत आहे का असं विचारणाऱ्या पोस्टना हे लागू नाही. म्हणजे माझी कागदाची पोस्ट बसते, टॅगवाली नाही. आणि 'शेअर करा आणि जिंका' वाले गिव्हअवे, ते तर फेसबुकच्या पेजेसच्या नियमांतच बसत नाहीत, स्वतःच्या टाइमलाईनवर शेअर करणं किंवा मित्रांना टॅग करणं ही स्पर्धेची अट ठेवता येत नाही. सगळे करतात, मला माहितीये, मीही केलंय एकदा. फुकट वही मिळणार म्हणून जमलेले लोक फुकट वही संपल्यावर उठून गेले. त्यात आश्चर्य काय.

रील्सचं. मी रील्सच्या विरुद्ध नाही, टाक. फक्त ते ट्रेंडिंग गाण्याचं खूळ सोड, एक तर बऱ्याच बिझनेस अकाउंटना ती गाणी दिसतच नाहीत, कारण धंद्याच्या वापरासाठी गाण्याचा परवाना वेगळा लागतो, आणि दुसरं म्हणजे तुझ्या चाकाचा आवाज गाण्यापेक्षा चांगला आहे. इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी जानेवारी २०२५ मध्ये सांगून बसलेत की महत्त्वाच्या गोष्टी तीन, लोक किती वेळ बघतात, लाईक किती करतात आणि दुसऱ्याला किती पाठवतात, आणि जे तुम्हाला फॉलो करत नाहीत त्यांच्यापर्यंत पोचायचं तर ते पाठवणं जास्त कामाचं. आता विचार कर माणूस दुसऱ्याला काय पाठवतो. 'सुंदर कप' नाही पाठवत. 'हे बघ, अगदी तुझ्यासारखं' असं ज्यावर लिहिता येतं ते पाठवतो. माझा सगळ्यात जास्त पाठवला गेलेला व्हिडिओ म्हणजे जुन्या पुस्तकाच्या कण्यावरचा सुकलेला डिंक सुरीने खरवडतानाचा, मागे फक्त खर्रर्र आवाज, आणि वर लिहिलं होतं 'ज्याने हे पुस्तक सेलोटेपने दुरुस्त केलं तो आपल्या प्रत्येकाच्या घरात असतो'. बस, एवढंच. बहिणींनी भावांना पाठवला, बायकांनी नवऱ्यांना. तुझ्याकडे भट्टीतून तडकून निघालेले कप असतील ना ढिगाने, त्यातला एक काढ. सगळं चांगलं चांगलंच दाखवलं की माणसं 'वा' म्हणून पुढे जातात, वा म्हटल्यावर अजून काय बोलणार?

रोज टाकायचं का? मला नाही जमत. आठवड्यातून दोनदा टाकते आणि पोस्ट टाकली की पुढचा तास फोन घेऊन बसते, आलेल्याशी बोलते. पोस्ट टाकून झोपून जायचं म्हणजे पाहुण्यांना बोलावून आपणच बाहेर निघून जायचं. मेसेजचंही तसंच. पेजवर ते 'व्हेरी रिस्पॉन्सिव्ह' चं चिन्ह मिळवायला ९० टक्के मेसेजना आणि तेही सरासरी १५ मिनिटांच्या आत उत्तर द्यावं लागतं, ते काय आपल्याला जमायचं नाही, माझे हात दिवसभर खळीत असतात आणि तुझे चिखलात. त्यापेक्षा आपोआप जाणारा एक मेसेज लावून ठेव की 'हात मातीत आहेत, संध्याकाळी सातनंतर बोलते', आणि सातनंतर खरंच बोल. वेळ लागला तर माणसं चिडत नाहीत. आपल्याला कुणी वाचलंच नाही असं वाटलं की जातात.

एक राहिलं, वाईट कमेंट. एकाने लिहिलं होतं की तुमच्या वहीची शिलाई महिन्याभरात सुटली. मी घाबरून कमेंट उडवली. दोन तासांनी त्याने स्क्रीनशॉट काढून परत टाकली आणि खाली 'हे का डिलीट केलं?' शिलाई खरंच माझ्याकडूनच सैल झाली होती. पहिल्यांदाच 'वही पाठवा, मी शिवून देते' म्हटलं असतं तर दोन ओळींत संपलं असतं. शिवीगाळ असेल तर खुशाल उडव, तक्रार असेल तर हात लावू नको.

बाकी जाहिरात, बूस्ट वगैरे नंतर बघू, आत्ता पैसे टाकलेस तर नवीन माणसं येऊन तेच बघतील, उत्तर न मिळालेले प्रश्न.

हे सगळं मी तिला फोनवर आधीच बोलले होते म्हणा. काल रात्री बसून तिने ११ च्या ११ प्रश्नांना उत्तरं दिली, त्या १४ महिन्यांपूर्वीच्या निळ्या कपवाल्यालासुद्धा, 'उशीर झाला त्याबद्दल सॉरी, निळा परवाच्या भट्टीत लावतेय' असं. तिला वाटलं होतं हा काय आता बघणार. अर्ध्या तासात त्याचं उत्तर आलं, 'घेतला मी दुसरीकडून. पण तो फुटला. परवा किती वाजता उघडणार भट्टी?'