फ्लॅश 30 मीटर जातो म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

जत्रा सुरू झाल्या की तो मेसेज परत फिरायला लागतो, आमच्या गावच्या ग्रुपवर या आठवड्यात तीनदा आला. दशावताराचे रात्रीचे फोटो कसे काढायचे त्याच्या टिप्स. कॅमेऱ्याचा फ्लॅश 30 मीटर जातो त्यामुळे मागे बसून पण फोटो येतो, झूम केलं की फ्लॅशपण लांब जातो, शटर स्लो ठेवा म्हणजे फ्लॅश जास्त पोचतो, आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते ठरवणारा आकडा) कायम 100 ठेवा, आणि एवढं करून फोटो काळा आला तर फ्लॅश गेलाय, बदलून घ्या. ही शेवटची ओळ वाचून आमच्या शेजारचे काका मुलाचा चांगला चालणारा कॅमेरा घेऊन दुरुस्तीला सावंतवाडीपर्यंत जाऊन आले, बिघाड काहीच नव्हता. म्हणून लिहितोय.

आधी ते 30 मीटर. फ्लॅश किती लांब जातो याला एकच आकडा नसतोच. प्रत्येक फ्लॅशला गाइड नंबर असतो, म्हणजे त्याची ताकद सांगणारा आकडा, त्याला अ‍ॅपर्चरच्या, म्हणजे लेन्समधल्या उजेड आत सोडणाऱ्या छिद्राच्या, एफ नंबरने (छिद्र लहान तेवढा हा मोठा) भागलं की आयएसओ 100 ला किती मीटरपर्यंत उजेड बरोबर पडेल ते येतं. कॅमेऱ्यावरच्या छोट्या उघडणाऱ्या फ्लॅशचा गाइड नंबर साधारण 12 धरा, कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स झूम केली की एफ 5.6 ला जाते, 12 भागिले 5.6 म्हणजे फक्त दोन मीटर आणि वर थोडंसं. तेवढ्यात तर पेटीवाल्या बुवांच्या पुढ्यात जाऊन बसावं लागेल. आता वरून लावायचा मोठा फ्लॅश, गाइड नंबर 60 वाला, तो आयएसओ 800 आणि एफ 5.6 ला खरंच 30 मीटरपर्यंत जातो, हे मान्य. पण तो 60 आकडा फ्लॅशचं डोकं पूर्ण झूम केल्यावरचा असतो, आणि मेसेजमध्ये ना मोठ्या फ्लॅशचा उल्लेख ना 800 चा, उलट 100 च ठेवा म्हणून सांगितलंय.

आणि अंतर दुप्पट झालं की उजेड अर्धा होत नाही, चौथा हिस्सा होतो. हे मी आमच्या खळ्यात करून बघितलंय. रात्री सगळे दिवे बंद केले, आयएसओ 100, एफ 5.6, आणि भाच्याला पांढरा शर्ट घालून आधी दोन मीटरवर उभा केला, मग चारवर, मग आठवर तुळशीपाशी. दोनवर शर्टाची बटणं मोजता येत होती, चारवर चेहरा ओळखायला येत होता पण काळपट, आठवर कोणीतरी उभं आहे एवढंच कळत होतं, कारण तिथे सोळावा हिस्सा उजेड उरतो. जत्रेत मागून काढलेले फोटो बघा, पुढच्या रांगेतली डोकी आणि टोप्या पांढऱ्याफटक आणि रंगमंचावरचा संकासुर, आधीच काळ्या वेशातला, फक्त लाल जीभ कुठेतरी दिसतेय. फ्लॅश चालूच आहे, तो डोक्यांवर संपला.

झूमचं अर्धं खरं आहे. मोठ्या फ्लॅशचं डोकं लेन्सबरोबर झूम होतं, झोत अरुंद होतो आणि लांब जातो. कॅमेऱ्यावरच्या छोट्या फ्लॅशचं तसं काही होत नाही, उलट झूम केल्यावर एफ नंबर वाढतो म्हणून पल्ला कमीच होतो. मोबाईलचा दिवा तर दोन-तीन मीटरचाच, स्क्रीनवर बोटं ताणून तो पुढे जात नाही.

स्लो शटरचा गैरसमज कुठून आला ते मला समजतं. फ्लॅश सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात पेटून विझतो, शटर नंतर कितीही वेळ उघडं ठेवा, फ्लॅशचा उजेड वाढत नाही. वाढतो तो रंगमंचावरच्या लाइटांचा उजेड, मग मागचं सगळं उजळ दिसतं आणि माणसाला वाटतं फ्लॅश पोचला. पात्र हललं की मात्र फोटो पुसट येतो, आणि दशावतारात युद्ध सुरू झालं की कोण स्थिर उभं राहतंय!

आयएसओ 100 चा सल्ला सगळ्यात नुकसानीचा. आयएसओ चौपट केला की पल्ला दुप्पट होतो. 400 ला तोच 12 वाला फ्लॅश 24 सारखा वागतो, 1600 ला 48 सारखा, म्हणजे एफ 5.6 ला साडेआठ मीटर. थोडे दाणे येतील फोटोत, येऊ देत, काळ्या फोटोपेक्षा बरे. त्याच्याही मागे असाल तर फ्लॅश बंद करा आणि रंगमंचाच्या लाइटवर काढा, हल्ली हॅलोजन नाहीतर एलईडी असतातच, चेहऱ्यावरचा रंग पण त्यात जास्त चांगला येतो.

मेसेजच्या खाली कोणीतरी मालवणच्या किनाऱ्यावरून रात्री फ्लॅश मारून सिंधुदुर्ग किल्ला काढायचं पण जोडलंय. अंतर अर्धा किलोमीटर जरी धरलं तरी आयएसओ 100 आणि एफ 4 ला गाइड नंबर 2000 लागेल. तिथे ट्रायपॉड लावा आणि शटर बरेच सेकंद उघडं ठेवा.

काका, तुमच्या कॅमेऱ्याचा आयएसओ मेनूत 100 वरच अडकवून ठेवलेला होता, मी 1600 केलाय. पुढच्या जत्रेला पालखीची प्रदक्षिणा संपायच्या आत पुढची जागा धरा.