आमा-लेंचा जीएसटी नंबर

माझ्या एक्सेल शीटवर परवा रात्री कुणीतरी लाल रंग फिरवला. लडाखमधल्या मारखा खोऱ्याचा ट्रेक, सहा जण, गावागावांत होमस्टेत मुक्काम, एवढाच बेत होता. रंग फिरवणारे काका ट्रेकला येणारच नाहीयेत. त्यांचा मुलगा येतोय. काका बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झालेत, पण हे त्यांना अजून कुणी लेखी कळवलेलं दिसत नाही.

पहिला शेरा लेहमधल्या सुरुवातीच्या तीन रात्रींवर होता : "नुसते झोपण्यासाठी तीन रात्री? दोन वगळाव्यात." मुंबईहून विमानात बसलेला माणूस काही तासांत समुद्रसपाटीवरून ३,५०० मीटरवर उतरतो. पहिले दोन दिवस तिथे झोपणं, पाणी पिणं आणि बाजारात रेंगाळणं हेच काम असतं. हे सांगितल्यावर उत्तर आलं, "अरे, त्याने नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केलाय." केला असेल. पण सह्याद्रीत कमावलेल्या मांड्या विरळ हवेत कामी येत नाहीत. उलट दणकट पोरंच पहिल्या दिवशी शांतीस्तूपाच्या पायऱ्या पळत चढतात आणि रात्री डोकं धरून ओकत बसतात. उंचीचा त्रास टाळायची डायमॉक्स गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि सल्फाची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगून.

मग सकाळी फोन.

"व्हाउचर कुठंय?"

"कसलं व्हाउचर, काका?"

"मारखा गावातल्या मुक्कामाचं. हॉटेलचं नावच लिहिलं नाहीस."

"हॉटेल नाहीये. घर आहे."

"कुणाचं?"

"ज्याचा नंबर असेल त्याचं."

पलीकडे शांतता. बँकेत अशी शांतता पसरली की पाठोपाठ चौकशी समिती बसते.

त्यांना समजावलं की खोऱ्यातल्या बऱ्याच गावांत पाहुणे आळीपाळीने वाटून घेतात. आज या घरी, उद्या त्या घरी, म्हणजे रस्त्यालगतच्या एकाच घराची चंगळ होत नाही. आपण गावात पोचायचं, 'जुले' म्हणजे लडाखी नमस्कार म्हणायचा, आणि कुणीतरी आमा-ले, म्हणजे घरातल्या आई, आपल्याला घेऊन जातात. माणशी दर ठरलेला असतो. त्यात रात्रीचं जेवण, सकाळचा नाश्ता आणि वाटेसाठी बांधून दिलेला डबा येतो. पैसे रोख द्यायचे. लेह सोडलं की ट्रेकच्या वाटेवर एटीएम नाही, म्हणून सुट्ट्या नोटा लेहमध्येच घ्यायच्या.

"रोख? मग पावती? जीएसटी नंबर?"

"आमा-लेंकडे मेंढ्या आहेत, काका. जीएसटी नाही."

"बाथरूम अटॅच्ड?"

"वरच्या मजल्यावर असतं."

"वेस्टर्न की इंडियन?"

"लडाखी."

यावर वीस मिनिटं गेली. लडाखी संडास ही फार हुशार गोष्ट आहे. मातीच्या जमिनीला एक लांबट भोक, खाली बंद कोठडी, कोपऱ्यात माती आणि राखेचा ढीग, त्यात खोचलेलं फावडं. आपलं झालं की दोन फावडी माती ढकलायची. आत पाणी ओतायचं नाही, कारण ओलं झालं की ते सडतं, घाण मारतं आणि थंडीत गोठून बसतं. कोरडं राहिलं तर त्याचंच खत होऊन वसंतात सातूच्या शेतात जातं. ओले वाइप्स टाकायचे नाहीत, ते कुजत नाहीत आणि पुढे कुणाच्या तरी शेतात निघतात. हे सगळं मी आवाज न चढवता सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शीटमध्ये नोंद केली : "फ्लश – फावडे (मॅन्युअल)."

मग त्यांना कुठूनतरी हिम बिबट्या सापडला. हेमिस राष्ट्रीय उद्यानातून वाट जाते हे मीच शीटमध्ये लिहिलं होतं. काकांची बहीण जुन्नरला असते, त्यामुळे बिबट्या म्हटल्यावर ऊस, रात्र आणि वनखात्याचा पिंजरा एवढंच त्यांना दिसलं. हिम बिबट्या माणसाच्या वाटेला जात नाही. तो रात्री गोठ्यात शिरून मेंढ्या मारतो, आणि मग गावकरी चिडून त्याला मारायचे. पाहुण्यांकडून घराला चार पैसे मिळाले तर त्या मेंढ्यांचं दुःख थोडं हलकं होईल, याच हिशोबाने रुंबकसारख्या गावांत होमस्टे सुरू झाले. काका म्हणाले, "म्हणजे बिबट्यामुळे धंदा आहे. लेखी हमी घे."

इथवर मी हसत होतो. पण त्यांनी सकाळी साडेसहाची निघायची वेळ खोडून साडेनऊ केली होती, "नाश्ता सावकाश व्हावा". स्क्यू ते मारखा हा लांबचा पल्ला आहे, सात-आठ तासांचा, आणि वाटेत नदी ओलांडावी लागू शकते. वरच्या हिमनद्या उन्हाने वितळतात आणि दुपारनंतर पाणी चढतं. सकाळी पोटरीपर्यंत असलेलं पाणी तीन वाजता मांडीला लागतं, आणि ते इतकं गार की पाय आपलेच आहेत का अशी शंका येते. पट्ट्याच्या सँडल हव्यात. स्लिपर पहिल्याच धारेला जाते.

हंकर ते निमालिंग या टप्प्यावरचा शेरा तर आणखी भारी : "मारखाहून थेट. एक दिवस वाचतो." हंकर सुमारे ४,००० मीटरवर, निमालिंग ४,८०० च्या आसपास. एका दिवसात झोपायची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं म्हणतात. म्हणून मी मध्ये थाचुंगत्सेला एक रात्र ठेवली होती. निमालिंगला घरं नाहीत, तंबू आहेत. तिथे रात्री कुणाचं डोकं फुटायला लागलं तर पुढे ५,००० मीटरच्या वरची कोंगमारू ला खिंड आणि मागे आलो तीच वाट, मध्ये जीपबीप काही नाही. वाचवलेला एक दिवस तिथे कुणाला परत करायचा?

आणि काकांची आणखी एक अट : मुलाने दर तासाला लोकेशन पाठवायचं. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालतच नाही, पोस्टपेड लागतं, आणि तेही खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी मुकं असतं. काकांना यात माझा काहीतरी डाव दिसतो.

खरा राग वेगळाच आहे. सहा जणांचं विमान, टॅक्सी, औषधं, सगळं मी फुकट जमवतोय, आणि लोक मला अशी कंपनी समजतात जिची तक्रार ग्राहक आयोगात करता येईल. परवा ग्रुपवर एकीने विचारलं, पनीर मिळेल ना? तिथे पिकतात सातू, मटार, बटाटे. बाकीचं लेहहून येतं. रात्री थुकपा, म्हणजे नूडल्सचं सूप, किंवा स्क्यू (हे गाव नव्हे, कणकेच्या तुकड्यांचा रस्सा) मिळेल, सकाळी खंबीर रोटी आणि लोण्याचा खारट चहा. पांघरुणं दर पाहुण्यामागे धुतली जात नाहीत, धुवून वाळवणार कशी त्या थंडीत? स्वतःची सुती चादर न्या, हलकी वस्तू आहे. तीन जणांनी विचारलं, तिथे मिळणार नाही का.

काल रात्री काकांचा शेवटचा मुद्दा आला. सहा जण आहोत, तर आमा-लेंना सांग, पाचावर एक फ्री.

मी म्हटलं, काका, घासाघीस करायचीच असेल तर मुलाला लेहच्या बाजारात पश्मिना घ्यायला पाठवा. तिथले दुकानदार त्याला बरोबर पुरून उरतील. यावर त्यांनी पश्मिन्याचा सध्याचा भाव विचारला.