डावा इयरफोन

परवा मुंबईला जाताना ट्रेनमध्ये शेजारच्या काकांनी मला आधी बाळ ठरवलं आणि मग चारचौघांत चावट ठरवलं, आणि ह्या दोन पदव्यांमध्ये अंतर किती, तर तळेगाव ते कर्जत. वर माझा डावा इयरफोन. त्याबद्दल नंतर सांगतो, अजून मनःस्थिती नाहीये.

झालं काय, तिघांच्या सीटवर मधली जागा, मोबाईलला रेंज नाही, म्हणून मांडीवर लॅपटॉप उघडून 'फँटॅस्टिक प्लॅनेट' लावला. कितव्यांदा ते विचारू नका. १९७३ चा पिक्चर, रेने लालू नावाच्या फ्रेंच दिग्दर्शकाचा, चित्रं रोलां तोपोरची, आणि काम झालं थेट प्रागमधल्या स्टुडिओत. ७२ मिनिटांचा आहे, म्हणजे घाट धरून आरामात बसतो. हे मी ठरवलेलं. खिडकीतल्या काकांचं सुडोकू अडलं होतं हे मला माहीत नव्हतं.

"कार्टून का?"

"हो, म्हणजे अ‍ॅनिमेशन आहे काका. मोठ्यांसाठीचं."

"छान छान. आमचा नातूपण बघतो. दुसरीत आहे." मग माझ्याकडे नीट बघून, "तुमचं वय काय?"

"बेचाळीस."

"लग्न?"

"झालंय."

"मग?"

आता ह्या 'मग?'ला काय उत्तर द्यायचं हे कोणीतरी मला सांगा. मी गप्प बसलो. तेवढ्यात पिक्चर सुरू झाला. ज्यांनी बघितलाय त्यांना माहितीये सुरुवात कशी आहे, एक बाई तान्हं पोर घेऊन जीव तोडून पळतेय, आणि एकदम वरून भला मोठा निळा हात येतो आणि बोटाने टिचकी मारून तिला खाली पाडतो. ती उठते, पुन्हा पाडतो. खेळ चाललाय त्यांचा. आणि खेळता खेळता ती मरते.

"अरेरे, मेली की हो ती! लहान मुलांना असलं दाखवतात?"

"लहान मुलांना नाही दाखवत काका, तेच तर म्हणतोय."

"पण कार्टून आहे ना?"

हा संवाद असाच गोल गोल लोणावळ्यापर्यंत फिरू शकला असता पण काकांना निळ्या रंगात इंटरेस्ट वाटला.

"हे कोण, महादेव का?"

"नाही, ते द्राग. दुसऱ्या ग्रहावरचे राक्षसाएवढे लोक. माणसं त्यांच्यापुढे एवढीशी, ते माणसं पाळतात घरात."

"डोळे लाल का पण?"

"तसेच आहेत ते."

"महादेवाचे लाल नसतात."

"काका, तो महादेव नाहीये."

"मग ध्यानाला का बसलाय?"

आणि इथे माझी खरंच बोलती बंद झाली, कारण द्राग लोक सारखे ध्यानाला बसतात हे शंभर टक्के खरं आहे. अर्धा पिक्चर ते डोळे मिटून बसलेले असतात. काकांनी माझी शांतता पुरावा म्हणून घेतली आणि पलीकडच्या सीटवरच्या गृहस्थांना हाक मारून सांगितलं, "बघा, फ्रेंच लोकांनी पण सगळं आपल्याकडूनच उचललंय." त्या गृहस्थांनी मान डोलावली. त्यांनी स्क्रीन बघितलीसुद्धा नव्हती.

मग काकांनी न विचारता माझ्या कानातला डावा इयरफोन काढून घेतला. म्हणजे अक्षरशः कानातून. मी म्हटलं, तुम्हाला फ्रेंच येतं का? तर म्हणे, नाही, संगीत ऐकतो. आता संगीत अ‍ॅलाँ गोरागेचं आहे आणि ते इतकं भारी आहे की हिपहॉपवाले त्याचे तुकडे उचलून उचलून अजून दमले नाहीत, त्यामुळे मला काही बोलता येईना. काका बोटांवर मात्रा मोजत होते. खंडाळ्याच्या बोगद्यात "ह्यात तबला हवा होता" असा निकाल दिला.

इथे जरा थांबून एक सांगतो, कारण ट्रेनमध्ये ते कोणी ऐकून घेतलं नाही. हा पिक्चर बनवला कसा, तर चित्रं कागदावर काढून, कापून, ते कपटे कॅमेऱ्याखाली इंच इंच सरकवून. म्हणून त्यातली माणसं नीट चालत नाहीत, चेहरे फारसे हलत नाहीत, सगळं एका झोपेत घडल्यासारखं वाटतं, आणि ती झोप डोक्यातून जात नाही. मी पहिल्यांदा बघितला तो हॉस्टेलवर, कोणाच्या तरी हार्ड डिस्कवर, नावसुद्धा चुकीचं टाकलेलं. त्यात एक माणसाचं पोर द्रागच्या मुलीकडे पाळीव म्हणून वाढतं, तिचा अभ्यास ज्या हेडसेटमधून डोक्यात जातो तो ह्याच्याही डोक्यात जातो, आणि हा हेडसेट घेऊन पळतो. बस. राक्षसांचं ज्ञान चोरून पळणारं पोर. ज्याला हे बघून काही होत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही. कान चित्रपट महोत्सवात ज्युरींनी त्याला खास पारितोषिक दिलं होतं, १९७३ सालीच, पण कान वगैरे काकांना सांगून उपयोग नव्हता, एक कान ऑलरेडी त्यांच्या ताब्यात होता.

तर कर्जत यायला थोडा वेळ असताना ते पुतळे आले. मला माहीत होतं येणार आहेत. मी सावधपणे टचपॅडवर बोट ठेवून होतो पण काका म्हणाले "राहू दे, राहू दे." पुतळे म्हणजे त्या ग्रहाच्या उपग्रहावर उभे असलेले बिनडोक्याचे स्त्री-पुरुष पुतळे, अंगावर कपडा नाही. द्राग ध्यानाला बसले की त्यांचे आत्मे म्हणा, फुग्यातून तरंगत येऊन ह्या पुतळ्यांच्या मानेवर बसतात आणि मग पुतळे जोडीने नाचतात, आणि त्यातून त्यांची प्रजा वाढते. सगळं संथ, गंभीर, जवळजवळ धार्मिक विधी.

"हे काय!" काका असे ओरडले की समोरच्या लाईनीत झोपलेल्या काकू दचकून उठल्या. "अहो, बायकामाणसं बसलीयेत इथे! कार्टूनच्या नावाखाली हल्ली काय काय बघतात लोक."

हल्ली! मी म्हटलं, काका, हा पिक्चर तुमच्या कॉलेजच्या काळातला आहे. "आमच्या काळात असलं नव्हतं," म्हणाले, आणि दोन बोटांनी माझा लॅपटॉप बंद केला. माझा. लॅपटॉप. डबा सगळा माझ्याकडे बघतोय, आणि ज्यांनी 'आपल्याकडूनच उचललंय'ला मान डोलावली होती ते गृहस्थ आता नकारार्थी मान हलवतायत.

कर्जतला वडापाव आले. काकांनी दोन घेतले, मला विचारलं नाही. दुसरा संपत आल्यावर, तोंड पुसत, हळूच, "मग ती छोटी माणसं सुटली का शेवटी?"

"नातवाबरोबर बसून बघा," मी म्हटलं.

राग आला नाही त्यांना. सुडोकूच्या कडेला पेनाने नाव लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून. कल्याणला उतरले. इयरफोन परत दिला, त्याचं रबरी टोपण दिलं नाही. ते बहुतेक त्यांच्या कानातच कल्याणला गेलं. जे परत आलं त्याचं वर्णन करत नाही, जेवायच्या वेळेला कोणी वाचत असेल.

पण मला खरी चीड इयरफोनची नाहीये. (आहे, पण तेवढीच नाहीये.) चीड ह्याची, की ह्या पिक्चर्सना दोन्हीकडून मार पडतो. पोरकट आहे म्हणूनही आणि अश्लील आहे म्हणूनही, आणि मारणारा माणूस तोच असतो. आणि हे फक्त आपल्या काकांचं नाही बरं का. २०२२ च्या ऑस्करला स्टेजवरून अ‍ॅनिमेशनच्या विभागाची ओळख करून देताना लहान मुलं पुन्हा पुन्हा बघतात ते पिक्चर, अशा सुरात तिथल्या अभिनेत्री बोलल्या होत्या, आणि अ‍ॅनिमेशनवाले भडकले होते. नटूनथटून आलेले काकाच ते. 'हेवी मेटल' घ्या, १९८१ चा अ‍ॅनिमेशनपट, रॉकची धमाल गाणी, त्यात हिंसा, नग्नता, सगळा मसाला. गाण्यांच्या हक्कांचं भांडण मिटून तो अधिकृतपणे व्हिडिओवर यायला १९९६ उजाडलं. तोपर्यंत लोकांनी बघितला कसा? मध्यरात्रीचे शो आणि चोरून केलेल्या टेप. पंधरा वर्षं. नीट कपाटात ठेवला असता तर एवढं वेड लागलं असतं का, मला शंका आहे. लहान मुलांच्या कपाटात चालत नाही, मोठ्यांच्या कपाटात लाज वाटते, मग तो हातोहात फिरतो, आणि ज्याच्या हातात पडतो त्याला वाटतं हा फक्त मलाच सापडलाय.

आणि मेहनत बघा ना लोकहो. जपानी दिग्दर्शक कात्सुहिरो ओतोमोचा 'अकिरा', १९८८. एक लाख साठ हजारांच्या वर सेल (पारदर्शक प्लास्टिकवरची चित्रं) हाताने रंगवलेले, ३२७ रंग, त्यातले पन्नास फक्त ह्या पिक्चरसाठी नव्याने तयार केलेले, कारण गोष्ट बरीचशी रात्रीची आणि रात्रीचे रंग त्यांना पुरेनात. संवाद आधी रेकॉर्ड केले आणि मग ओठ काढले, जे जपानमध्ये तेव्हा सहसा करत नसत. हे कोणी दुसरीतल्या नातवासाठी करतं का? बाईकच्या लाल दिव्यांच्या त्या रेषा रात्रीत ओढल्या जातात ना, ते बघून अजून पोटात काहीतरी होतं, आणि घरी बायको विचारते, संपलं का तुझं कार्टून, भाजी आणायचीये.

आमच्या फॅमिली ग्रुपवर तर मला 'कार्टूनवाला' म्हणूनच ओळखतात. त्याच ग्रुपवर २०२० मध्ये मामेभावाने फॉरवर्ड टाकला होता, 'जपानी कार्टूनने ३२ वर्षांपूर्वीच केली होती कोरोनाची भविष्यवाणी!!!' 'अकिरा'च होता तो. गोष्ट २०१९ ची आहे, त्यात २०२० च्या टोकियो ऑलिंपिकची पाटी दिसते, १४७ दिवस बाकी, आणि खाली कोणीतरी रंगाने खरडलेलं असतं की रद्द करा. आणि इकडे ऑलिंपिक खरंच पुढे गेलं, त्यामुळे सगळे मामा-मावश्या थक्क. मी अख्खा निबंध लिहिला की अरे त्यात रोगबिग काही नाहीये, ती नुसती एक पाटी आहे, पिक्चर सत्तेबद्दल आहे, पोरांबद्दल आहे, बॉम्बबद्दल आहे, कोणीतरी बघा तरी एकदा, लिंक देतो.

मामाचं उत्तर आलं, हात जोडलेले तीन इमोजी आणि "मराठीत आहे का?"