‘कायमची मुक्ती’ छापलं, ती चूक आमचीच

ताई, नमस्कार.

तुम्ही लिहिलंय की आमच्या दवाखान्याच्या पत्रकावर ‘घोरण्यापासून कायमची मुक्ती’ असं वाचून सातपूरहून कॉलेज रोडला आलात, मिस्टरांच्या टाळूवर रेडिओफ्रिक्वेन्सी करून घेतली आणि आठ महिन्यांत घरात पुन्हा तोच आवाज. शिवाय शनिवारी दीड तास ताटकळलात. दीड तासाबद्दल माफी मागतो, सबब सांगत नाही.

‘कायमची’ हा शब्द चुकीचाच होता. मजकूर जाहिरातवाल्याचा, पण छापायला होकार माझा. उरलेला गठ्ठा काल रद्दीत घातला.

फाइलमधलं इथे काही उघड करणार नाही, तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरच बोलतो. या उपचारात मऊ टाळूत बारीक सुई घालून आतला भाग तापवतात. जखम भरताना टाळू ताठ होतो, फडफड कमी होते. दुखणं थोडं, त्याच दिवशी घरी. म्हणून लोक हेच मागतात. पण हा ताठपणा काही महिन्यांनी सैल पडू शकतो, वजन वाढलं तर आणखी लवकर. हे मी बोललो होतो असं मला वाटतं. पण संमतीपत्र इंग्रजीत, सही घाईत, मग बोलण्याला काय अर्थ? आता ते मराठीत केलंय.

‘तेव्हाच मोठं ऑपरेशन का नाही केलं?’ असं विचारलंत. पडजीभ आणि टाळूची कड कापण्याचं ते ऑपरेशन स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास वारंवार अडण्याच्या आजारासाठी, 1981 मध्ये डॉ. फुजिता यांनी मांडलं. त्यानंतर दोनेक आठवडे आवंढा गिळतानाही जीव जातो, काहींना प्यायलेलं पाणी नाकातून येतं. श्वास तासाला 5 ते 15 वेळा अडतो तो या आजाराचा सौम्य प्रकार. टॉन्सिल चांगलेच मोठे नसतील तर त्यासाठी एवढं सोसायला मी सांगत नाही. (नाकाचा पडदा सरळ केला की घोरणं जातं, हाही एक गोड गैरसमज. नाक मोकळं होतं, एवढंच.)

सुईच्या उपचाराचं दुसरं सिटिंग लगेच नको. आधी झोपेची तपासणी पुन्हा करू, कारण नुसत्या आवाजावरून श्वास किती अडतो ते कळत नाही. येताना मोबाइलवर दोन रेकॉर्डिंग आणा: एक उताणे झोपलेले असतानाचं, एक कुशीवरचं. कुशीवर आवाज थांबत असेल तर सुईची गरजच पडणार नाही कदाचित. नाहीतर खालचा जबडा पुढे धरणारी दातांची पट्टी आहे, तीही बघू.

तपासायची फी घेणार नाही. शनिवार सोडून या.